एलसीडी पॉवर सप्लाय टेस्टर: कपाटातून काढलेल्या कॉम्प्युटरसाठी कितपत कामाचा?

पाच-सात वर्षं बंद असलेला डेस्कटॉप बाहेर काढला की बहुतेकजण थेट प्लग लावतात आणि बटण दाबतात. चालला तर उत्तम, नाही चालला तर रॅम काढून घासायला बसतात. खरं तर आधी एसएमपीएस (म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा) एकटा तपासायला हवा आणि तो पास झाल्यावरच त्याला मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क जोडायला हवी. बिघडलेल्या एसएमपीएसने डिस्कला जास्त व्होल्टेज दिलं तर डिस्कचं सर्किट जळतं, आणि अशा जुन्या मशीनमध्ये बहुधा त्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रंच हवी असतात.

या पहिल्या पायरीसाठी तळहातावर मावणारा एलसीडी पॉवर सप्लाय टेस्टर मिळतो. तो अनेक नावांनी विकला जातो, आतलं काम साधारण सारखंच असतं. जुनी मशीन अधूनमधून चालू करून बघावी लागत असतील तर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्याच्यावर भरवसा एकाच बाजूने ठेवायचा. त्याने एसएमपीएस नापास केला तर, पुढे सांगितलेले मोजके अपवाद सोडून, तो निर्णय पक्का. पास केला तर तपासणी अर्धीच झाली असं समजायचं.

यंत्र करतं काय

टेस्टरवर २० आणि २४ पिनचा मुख्य सॉकेट असतो. शिवाय प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनचा, ग्राफिक्स कार्डासाठी ६ किंवा ८ पिनचा, नंतरच्या डिस्कचा साटा आणि जुन्या डिस्कचा चार पिनी मोलेक्स असे सॉकेट असतात. काहींना फ्लॉपीचाही असतो. २४ पिनचा प्लग खोचला की टेस्टर हिरवी वायर, म्हणजे १६ नंबरची पिन, आतल्या आत ग्राउंडला जोडतो आणि एसएमपीएस सुरू होतो. पेपरक्लिपने १६ आणि १७ नंबरची पिन जोडूनही हेच होतं, पण त्यात फक्त पंखा फिरलेला दिसतो, आणि पंखा फिरला म्हणजे व्होल्टेज बरोबर असं अजिबात नाही.

पडद्यावर सहा-सात आकडे येतात. एटीएक्सच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठीच्या मानकाच्या, नियमाप्रमाणे +१२ व्होल्टची लाइन ११.४० ते १२.६० मध्ये हवी, +५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ आणि +३.३ व्होल्टची ३.१४ ते ३.४७. उणे १२ व्होल्टला १० टक्के सूट आहे, म्हणजे १०.८ ते १३.२ चालतं. जांभळ्या वायरचा ५ व्होल्ट स्टँडबायही (मशीन बंद असतानाही मिळत राहणारं व्होल्टेज) ४.७५ ते ५.२५ मध्येच हवा. मर्यादेच्या खाली गेलेल्या लाइनपुढे एलएल आणि वर गेलेल्या लाइनपुढे एचएच उमटतं, सोबत बीप वाजते.

आता या यंत्राची पहिली खोट. बहुतेक टेस्टर एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवतात. १२ व्होल्टला ते पुरतं, ३.३ ला मात्र पुरत नाही. पडद्यावर ३.१ दिसलं तर खरा आकडा ३.०६ असेल किंवा ३.१४, पहिला नापास आणि दुसरा जेमतेम पास. ५ व्होल्टलाही तीच अडचण: ४.८ दिसलं तर निश्चिंत राहावं, ४.७ दिसलं तर मल्टीमीटर लावावा. त्यातून अलार्म नेमका कुठल्या आकड्याला वाजणार ते प्रत्येक टेस्टरमध्ये सारखं नसतं. म्हणून बीप वाजली नाही एवढ्यावर समाधान न मानता आकडे स्वतः वाचून वरच्या मर्यादांशी ताडून बघावेत.

सगळ्यात उपयोगी आकडा पीजी, म्हणजे पॉवर गुड. सगळी व्होल्टेज जागेवर आल्यानंतर किती मिलिसेकंदांनी एसएमपीएस करड्या वायरवरून 'तयार' असा इशारा देतो, ते यात दिसतं. १०० ते ५०० मध्ये आलं तर ठीक. १०० च्या बराच खाली आलं तर मदरबोर्ड सुरू होता होता अडकतो, पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो. सलग चार-पाच वेळा चालू-बंद केल्यावर हा आकडा दरवेळी बराच वेगळा येत असेल, तर बाकीचे आकडे कितीही छान असोत, त्या एसएमपीएसवर विश्वास टाकू नये. पेपरक्लिप किंवा साध्या मल्टीमीटरने ही गोष्ट कळत नाही, आणि टेस्टर घेण्याचं खरं कारण माझ्या लेखी हेच आहे.

पडून राहिल्यावर एसएमपीएसमध्ये काय बिघडतं

मुख्य संशयित इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे नळकांड्यासारखे छोटे भाग. त्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विद्युतरोधकाचं काम करतो. कपॅसिटरला वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की हा थर हळूहळू झिजतो आणि आतून गळणारा प्रवाह वाढतो. पुन्हा व्होल्टेज दिलं की थर सावकाश भरून येतो, पण पहिल्याच मिनिटाला पूर्ण भार टाकला तर कपॅसिटर तापतो आणि कधी फुगतो.

दुसरा प्रकार वाळण्याचा. आतलं द्रावण उडून गेलं की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. स्टँडबाय सर्किटमधले छोटे कपॅसिटर यात आधी जातात, कारण मशीन बंद असताना नुसता प्लग लावलेला असला तरी ते तापत राहिलेले असतात. लक्षण ठरलेलं आहे: बटण दाबलं की पंखा किंचित हलून थांबतो, मदरबोर्डवरचा दिवा लुकलुकतो, आठ-दहा वेळा दाबल्यावर मशीन चालू होतं आणि मग दिवसभर बिनतक्रार चालतं. असा कपॅसिटर तापला की त्याचा रोध कमी होतो. 'एकदा चालू झालं की काही प्रॉब्लेम नाही' असं कुणी सांगितलं की स्टँडबायचाच संशय घ्यावा. १९९९ ते २००७ च्या आसपासच्या मशीनमध्ये तर टोप्या फुगलेले, तपकिरी द्रव गळालेले कपॅसिटर मदरबोर्डवर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. प्रोसेसरच्या भोवतालची रांग आधी बघावी.

१९८० आणि १९९० च्या दशकांतल्या मशीनमध्ये आणखी एक धोका असतो. वीज आत येते तिथल्या फिल्टरमध्ये मेटलाइज्ड पेपरचे कपॅसिटर बसवलेले असत. त्यांच्या पिवळसर पारदर्शक आवरणाला वर्षांनुवर्षं बारीक तडे जातात, त्यातून ओल आत शिरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत दाट, घाणेरड्या वासाचा धूर निघतो. टेस्टरला हे कधीच सापडत नाही, धूर निघत असतानाही पडद्यावर सगळे आकडे बरोबरच असतात. म्हणून एवढं जुनं मशीन असेल तर पहिला अर्धा तास त्याच्याजवळून उठू नये.

टेस्टर लावायची पद्धत

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: प्लग लावा, आकडे बघा. बराच काळ पडून असलेल्या एसएमपीएससाठी ते पुरेसं नाही.

मशीन थंड किंवा दमट जागेतून आणलं असेल तर आधी एक पूर्ण दिवस खोलीच्या तापमानाला ठेवावं. आत दव साचलेलं असताना वीज दिली की नसलेले बिघाडही तयार होतात. एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० लिहिलेलं लाल बटण असेल तर ते आपल्या पुरवठ्याप्रमाणे आहे ना, हे नीट बघावं. हलवाहलवीत ते सरकतं, आणि ११५ वर असताना २३० व्होल्ट मिळाले तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस तिथेच संपतो. पंखा बोटाने फिरवून बघावा. अडखळत असेल तर त्याच्या बेअरिंगमधलं वंगण सुकलेलं आहे.

मग एसएमपीएसच्या सगळ्या वायरी मशीनमधून सोडवाव्यात. डिस्क आणि सीडी ड्राइव्हच्यासुद्धा. काहीही न जोडता नुसता प्लग लावून मागचा स्विच चालू करावा आणि अर्धा ते एक तास तसाच राहू द्यावा. या वेळात फक्त स्टँडबाय सर्किट चालू असतं, पण आतल्या मोठ्या कपॅसिटरला व्होल्टेज मिळत असतं. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ते सुमारे ३२५ व्होल्ट असतं. भार नसल्यामुळे ऑक्साइडचा थर भरून यायला सवड मिळते. गुणगुण, तडतड किंवा माशासारखा उग्र वास आला तर प्लग काढावा आणि तो एसएमपीएस बाद धरावा. तो उघडून बघायच्या भानगडीत पडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

तासाभरानंतर टेस्टर लावावा. पहिल्या दहा सेकंदांतले आकडे कागदावर लिहावेत. पंधरा मिनिटं चालू ठेवून पुन्हा लिहावेत. मग बंद करून, तासभर पूर्ण गार होऊ देऊन तिसऱ्यांदा बघावं. निरोगी एसएमपीएसचे तिन्ही वेळचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. गार असताना ५ व्होल्ट स्टँडबाय ४.७ आणि गरम झाल्यावर ५.० दाखवत असेल तर वाळलेला कपॅसिटर सापडला. एकदाच गरम असताना तपासणारे नेमके इथे फसतात.

८ पिनचे दोन प्लग दिसायला जवळजवळ सारखे असतात, पण प्रोसेसरच्या आणि ग्राफिक्स कार्डाच्या प्लगमध्ये पिवळ्या आणि काळ्या वायरींच्या बाजू उलट असतात. टेस्टरवरच्या चुकीच्या सॉकेटमध्ये जोर लावून खोचला तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतात. प्लग सहज जात नसेल तर थांबावं आणि सॉकेटशेजारचं नाव वाचावं.

कुठे फसवतो

टेस्टर एसएमपीएसवर जो भार टाकतो तो अगदी किरकोळ असतो. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि डिस्क मिळून शंभर-दीडशे वॅट सहज ओढतात. भार नसताना १२.१ दाखवणारी लाइन भार आल्यावर ११ पर्यंत कोसळू शकते, आणि टेस्टरला त्याचा पत्ताही लागत नाही. बराच काळ पडून असलेल्या एसएमपीएसचा सर्वात नेहमीचा दोष हाच, आणि टेस्टर नेमका तिथेच आंधळा.

उपाय सोपा आहे. गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत जोडावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. असे दोन-तीन बल्ब वेगवेगळ्या प्लगवर लावून टेस्टरवरचा १२ व्होल्टचा आकडा बघावा. ११.४ च्या खाली गेला तर खेळ संपला. बल्ब कापडावर किंवा प्लास्टिकवर ठेवू नये, काच चांगलीच तापते.

इथे एक खाचखळगा आहे. जुन्या आणि हलक्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्टचं नियंत्रण एकत्रच असतं. भार फक्त १२ वर टाकला तर १२ खाली येतो आणि ५ वर चढतो. हा बिघाड नव्हे, त्याची घडणच तशी आहे. म्हणून ५ व्होल्टच्या लाल वायरीवरही थोडा भार हवा. निकामी झालेली जुनी हार्ड डिस्क किंवा सीडी ड्राइव्ह जोडला तरी काम भागतं. याउलट काही जुने एसएमपीएस किमान भार नसेल तर टेस्टर लावताच सुरू होऊन बंद पडतात. तेव्हाही भंगारातली एखादी डिस्क जोडून पुन्हा बघावं, लगेच नापास करू नये.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे रिपल, डीसी व्होल्टेजवर स्वार झालेली बारीक लहर. १२ व्होल्टवर ती १२० मिलिव्होल्टच्या आत आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्टच्या आत हवी. वाळलेल्या कपॅसिटरमुळे ती वाढते आणि मशीन अधूनमधून हँग होतं, रॅमच्या चुका येतात, डिस्क मध्येच गायब होते. टेस्टर सरासरी दाखवतो, लहर नाही. ती ऑसिलोस्कोपवरच (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) नीट मोजता येते. साध्या मल्टीमीटरच्या एसी रेंजवर मिळणारा आकडा धरून निर्णय घेऊ नये.

कुठे लावूच नये

मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डचा प्लग बरेचदा ६, ८ किंवा १४ पिनचा, त्यांच्या खास मांडणीचा असतो. तिथे हा टेस्टर बसतच नाही. नव्या एटीएक्स १२व्हीओ प्रकाराला १० पिनचाच प्लग असतो, तोही बसत नाही. जास्त धोका बसणाऱ्यांचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीच्या काही डेल मशीनमध्ये प्लग हुबेहूब एटीएक्ससारखा, पण वायरींची मांडणी वेगळी आहे. खोचण्याआधी रंग बघावेत: २० पिनच्या प्लगमध्ये हिरवी वायर १४ नंबरला आणि २४ पिनच्यात १६ नंबरला नसेल तर टेस्टर खाली ठेवावा. आणि उणे ५ व्होल्टपुढे एलएल आलं तर घाबरू नये, ती लाइन नव्या एसएमपीएसमध्ये नसतेच.

टेस्टरने पास केलं, तरी मशीन मुकं

मग संशय मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ सेलवर. प्लग काढून ठेवलेल्या मशीनमध्ये घड्याळ त्याच्यावरच चालतं. २.८ व्होल्टच्या खाली असेल तर सरळ बदलावा. काही बोर्ड मेलेल्या सेलवर सुरूच होत नाहीत. सेल बदलल्यावर बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) तारीख लावावी, पण त्याहून महत्त्वाचा साटा मोड, म्हणजे बोर्डने डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते. पूर्वी एएचसीआय असलेला मोड आयडीई किंवा रेड (RAID) वर गेलेला असू शकतो, आणि तसंच विंडोज सुरू करायला गेलं की निळा पडदा येतो. लोक विंडोज पुन्हा टाकतात, तर गरज फक्त तो एक पर्याय बदलायची असते. ३८६-४८६ या जुन्या प्रोसेसरच्या काळातले बोर्ड असतील तर त्यावरची पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी आधी काढून टाकावी. तिच्यातून गळणारं अल्कली तांब्याच्या रेघा खातं. पांढऱ्या व्हिनेगरने ते निष्प्रभ करून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावं.

रॅमसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड एवढं बास. खोडरबर मी सुचवणार नाही. शाईचा खरखरीत खोडरबर सोन्याचा पातळ मुलामा खरवडून काढतो आणि पुढच्या वेळी खालचं निकेल गंजतं. स्लॉटमध्ये पूर्ण उडून जाणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, साधा डब्ल्यूडी-४० नव्हे, तो तेलाचा थर मागे ठेवतो. एकच रॅम लावून सुरू करावं. बायोस रीसेट झाल्यावर पहिल्या वेळी, विशेषतः डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅममध्ये, मिनिटभर किंवा जास्तही काळा पडदा राहू शकतो. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नये.

डिस्क सगळ्यात शेवटी. टिकटिक करत असेल तर ताबडतोब बंद. नीट फिरत असेल तर आधी नक्कल काढावी, तपासण्या नंतर. स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातले) ०५, सी५ आणि सी६ या क्रमांकांचे आकडे शून्याहून जास्त असतील तर डिस्कच खराब, सी७ वाढलेला असेल तर बहुधा केबल. एसएसडी पूर्ण झिजेपर्यंत वापरून झालेली असेल तर जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक ३० अंश सेल्सियसला वीज नसताना एक वर्षच डेटा टिकण्याची हमी मागतं. कमी वापरलेली एसएसडी बरीच जास्त टिकते, पण वर्षानुवर्षं पडून असलेली पहिल्यांदा हळू वाचली जाते. तिला मध्येच न तोडता पूर्ण वाचू द्यावी.

घेताना

पीजी आकड्यात दाखवणाराच घ्यावा. नुसते हिरवे-लाल दिवे असणारा स्वस्त प्रकार जुन्या एसएमपीएससाठी निरुपयोगी आहे, कारण ११.५ आणि १२.१ दोन्हींना तो सारखाच हिरवा दिवा दाखवतो. घरात फक्त लॅपटॉप किंवा ऑल-इन-वन असेल तर घेऊच नये. एखाद-दुसरंच मशीन बघायचं असेल तर चांगला मल्टीमीटर पुरतो. जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट, हिरवीवर बटण दाबण्याआधी ३ ते ५ आणि दाबल्यावर ०.८ च्या खाली, करडीवर ५ च्या जवळपास, एवढं मल्टीमीटरवर बघता येतं, आणि तेही मशीनला जोडलेल्या अवस्थेत, खऱ्या भाराखाली. राहतो तो पीजीचा वेळ.

आणि वापरता वापरता टेस्टरच्या २४ पिनी सॉकेटची पकड सैल होते. अचानक ३.३ व्होल्टपुढे एलएल दिसू लागलं तर प्लग दाबून, किंचित हलवून पुन्हा बघावं. आकडा दाबल्याबरोबर परत येत असेल तर दोष बहुतेक वेळा त्या सॉकेटचाच असतो.